दोन चक्रांची दिनदर्शिका

गुढीपाडव्याला आपण पंचांगात नव्या संवत्सराचे नाव पाहतो. ही नावे एकूण ६०. 'प्रभव' हे पहिले नाव ६० वर्षांनी पुन्हा येते. अशी फिरती गणना मध्य अमेरिकेतील माया लोकांनीही केली होती.

त्यांचे एक चक्र २६० दिवसांचे : १३ अंक आणि २० दिननामे यांच्या जोड्यांचे. दुसरे ३६५ दिवसांचे : २० दिवसांचे १८ महिने आणि वर ५ दिवस. दोन्ही चक्रे एकत्र जिथून निघाली तिथे पुन्हा केव्हा येतील? लसावि काढू या : १८,९८० दिवस, म्हणजे ३६५ दिवसांची ५२ वर्षे.

१५६२ साली मानी या गावी दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मोपदेशकाने माया पोथ्या जाळल्या. आज जगात अशा चारच पोथ्या ज्ञात आहेत. ड्रेस्डेन येथील पोथीत शुक्राच्या ५८४ दिवसांच्या फेऱ्या मांडल्या आहेत; अशा ५ फेऱ्या म्हणजे ३६५ दिवसांची ८ वर्षे. मात्र दिननामांची चिन्हे लांदानेच लिहून ठेवली होती, आणि पुढे लिपी उलगडताना ती उपयोगी पडली. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात २६० दिवसांची गणना आजही चालते. पोथ्या जळाल्या, पण माणसांनी दिवस मोजणे सोडले नाही.

संग्रहालयातील पोथी जालना जिल्ह्यातील हसनाबादच्या वर्गात आणता येणार नाही. १३ आणि २० दात्यांची पुठ्ठ्याची दोन चाके मात्र करता येतील. सुरुवातीची जोडी परत यायला किती दाते सरकावे लागतात, हे मुलांनाच मोजू द्यावे.