निष्ठेचे भाडे

बिलोलीचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणीही सहज विचारील. गोदावरी आणि मांजरा यांचा संगम येथून फार दूर नाही हे खरे. परंतु मुंबईचा किनारा शेकडो मैलांवर राहिला. या गावच्या कित्येकांनी आगबोट पाहिली ती चित्रातच. तरीही काळ पालटला आहे. २०२१ सालापासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीप यांकडे पर्यटकांना घेऊन जाणारी मोठाली जहाजे सुटू लागली, आणि समुद्रपर्यटनाचे बेत मराठवाड्यातील घरांतूनही ऐकू येऊ लागले. बेत ठरला की त्यामागोमाग एक प्रश्न येतो. एकदा एका कंपनीच्या जहाजाने गेलो आणि समाधान झाले, तर पुढच्या खेपेस त्याच कंपनीकडे जावे, की दुसरी पाहावी? एकजण म्हणतो, ओळखीचे घर बरे. जेवण ठाऊक, खोली ठाऊक, शिवाय जुन्या गिऱ्हाइकाला सवलत. दुसरा म्हणतो, देशाटन करावयाचे ते नवे पाहण्यासाठीच ना?

वरवर पाहता हा केवळ रुचीचा प्रश्न दिसतो. परंतु आगबोटींच्या इतिहासात या प्रश्नावर कित्येकांनी आपली संपत्ती पणाला लावली आणि एकाने तर तुरुंगवासही पत्करला. तो इतिहास श्रोत्यांपुढे थोडक्यात मांडावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

गिऱ्हाइकाची निष्ठा विकत घेण्याची कला आजची नव्हे. इ. स. १८७५ मध्ये कलकत्ता व इंग्लंड यांमधील मार्गावरच्या आगबोट कंपन्यांनी आपसांत संगनमत करून भाड्याचे दर ठरवून टाकले. पुढे दोन वर्षांनी त्यांनी एक युक्ती काढली. तिला आपण 'राखून ठेवलेली सूट' म्हणू. व्यापाऱ्याने दिलेल्या भाड्यातून साधारणतः शेकडा १० इतकी रक्कम त्याला परत मिळावयाची; मात्र लगेच नव्हे. सहा महिन्यांचा हिशेब व्हावयाचा, त्यानंतर आणखी सहा महिने वाट पाहावयाची, आणि या साऱ्या काळात त्याने एकही गासडी बाहेरच्या कंपनीच्या जहाजात चढविलेली नसली, तरच ती रक्कम त्याच्या हाती पडावयाची. एक गासडी जरी परक्या जहाजातून गेली, तरी साचलेली सूट बुडाली!

या व्यवस्थेतील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. समजा, एखादा व्यापारी दर सहामाहीस १०,००० रुपये भाडे भरतो. पहिल्या सहामाहीचे १,००० रुपये कंपनीकडे अडकले. दुसरी सहामाही संपत आली, की आणखी जवळजवळ तितकेच अडकले. अशा वेळी एखादी नवी कंपनी कमी दराने माल नेण्यास तयार झाली, तरी व्यापारी तिच्याकडे जावा कसा? भाड्यात वाचणाऱ्या पैशांहून बुडणारी सूट अधिक! म्हणजे व्यापाऱ्याला बांधून ठेवणारी दोरी त्याच्याच पैशांची वळलेली होती. पुढे या पद्धतीविरुद्ध इतकी ओरड झाली, की ब्रिटिश सरकारने १९०६ साली तिच्या चौकशीसाठी एक रॉयल कमिशन नेमले.

या दोरीचा काच मुंबईतही जाणवला. मुंबईच्या गिरण्यांचे सूत त्या वेळी चीनकडे जात असे आणि त्या वाहतुकीवर पी. अँड ओ. कंपनीचे वर्चस्व होते. दर टनास १९ रुपये भाडे पडे. जमशेटजी टाटा १८९३ साली जपानला गेले, तेथील निप्पॉन यूसेन कैशा या कंपनीशी त्यांनी संधान बांधले आणि स्वतः जहाजे भाड्याने घेऊन टाटा लाइन सुरू केली. दर ठेवला १२ रुपये. पी. अँड ओ. ने उत्तरादाखल आपला दर दीड रुपयावर आणला. आणि जो व्यापारी टाटांच्या वा जपानी कंपनीच्या जहाजांशी आपला संबंध नाही असे लिहून देईल, त्यालाच सवलती देऊ केल्या. जमशेटजींनी सरकारदरबारी दाद मागितली, पत्रके काढली. परंतु व्यापारी एकेक करून गळत गेले, आणि थोड्याच काळात टाटा लाइन बंद पडली. जे गेले त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्याला उद्याचा सौदा आजच तोलावयाचा असतो, त्याच्या तराजूत परवाचे वजन मावत नाही.

उतारूंची कथाही हीच. बंगालमध्ये १८८४ साली ज्योतिरिंद्रनाथ ठाकूर यांनी 'सरोजिनी' नावाची आगबोट घेऊन खुलना-बारिसाल मार्गावर इंग्रजी कंपनीशी सामना मांडला. ज्योतिरिंद्रनाथांचे धाकटे बंधू रवींद्रनाथ यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की उतारूंना फुकट नेण्यापर्यंत आणि वर मिठाई देण्यापर्यंत ती चढाओढ गेली. शेवटी ठाकूरांचे भांडवल पाण्यात गेले, आणि त्यांची 'स्वदेशी' ही आगबोटही बुडाली.

दक्षिणेत याहून मोठा प्रसंग घडला. लोकमान्य टिळकांच्या मार्गाने जाणारे वकील व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ साली तुतिकोरीन येथे स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापिली. भांडवल १० लाखांचे. भाग अवघ्या २५ रुपयांचा, की सामान्य माणसासही तो घेता यावा. 'गॅलिया' आणि 'लावो' या दोन आगबोटी तुतिकोरीन-कोलंबो मार्गावर धावू लागल्या. ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडे उतरवीत नेले, आणि अखेरीस उतारूंना फुकट नेऊन वर एकेक छत्री देण्याची तयारी दाखविली, असे सांगतात. तरीही लोक बराच काळ स्वदेशी बोटीस चिकटून राहिले. ही निष्ठा सवलतीने विकत घेतलेली नव्हती; उलट तिच्यासाठी उतारू पदरचे चार आणे अधिक देत होता. पुढे मार्च १९०८ मध्ये पिल्लै यांस अटक झाली, राजद्रोहाच्या आरोपावरून जबर शिक्षा झाली, आणि १९११ साली कंपनीचे दिवाळे वाजले.

आपल्या कोकणपट्टीवरही त्याच वाऱ्याने एक लाट उठविली. मुंबईहून हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले असा धक्क्याधक्क्याने जाणारा चाकरमानी मुख्यतः बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या बोटींवर अवलंबून असे. स्वदेशीच्या काळात इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग ही एतद्देशीय कंपनी निघाली. तिचे लांबलचक इंग्रजी नाव कोकणी माणसाच्या जिभेवर बसले नाही. त्याने तिला सरळ 'माझी आगबोट कंपनी' म्हटले. त्या 'माझी' या एका शब्दात जेवढी निष्ठा आहे, तेवढी हजार सवलतींनी येत नाही. कंपनीनेही आपल्या बोटींना संतांची नावे देऊन तो जिव्हाळा वाढविला.

परंतु सत्य सांगावयाचे तर येथेच एक इशाराही आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात वादळात सापडून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. बातमी मुंबईस कळली तीच कित्येक तासांनी. नाव आपले आहे, ममता आपली आहे, म्हणून जहाजाचे पट्टे, नौका, यंत्रे यांची विचारपूस करू नये, असे होत नाही. निष्ठेने डोळे मिटावयाचे नसतात.

आता आपण एका विलक्षण जहाजाकडे येऊ. जमशेटजी ज्या १८९३ साली जपानहून अमेरिकेस गेले, त्याच वर्षी त्याच प्रवासात स्वामी विवेकानंद त्यांचे सहप्रवासी होते. योकोहामाहून त्यांनी घेतलेल्या जहाजाचे नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. पुढे पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ते जहाज घेऊन जखमी सैनिकांसाठी रुग्णनौका केले आणि तिचे नाव ठेवले 'लॉयल्टी', म्हणजेच निष्ठा. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदी मंडळींनी ते विकत घेतले आणि शिंद्यांच्याच नावाने सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. भारतात ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून १९६४ पासून पाळला जातो, तो याच सफरीच्या स्मरणार्थ.

नाव निष्ठेचे, परंतु त्या जहाजास निष्ठा मिळाली नाही. ते जुने होते, खर्च भारी होता, आणि माल देणारे व्यापारी परक्या संघाच्या सुटीत अडकलेले होते. चारच वर्षांत, १९२३ साली, ते मोडीत निघाले. त्याच साली सिंधियाला लॉर्ड इंचकेप यांच्याशी तह करावा लागला. तहाप्रमाणे दहा वर्षे कंपनीने फक्त हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन यांच्या किनाऱ्यांवर मालवाहतूक करावयाची, एकंदर ७५,००० टनांवर जहाजे ठेवावयाची नाहीत, आणि उतारू घ्यावयाचे नाहीत. अटी जाचक होत्या. पण कंपनी जगली. पूर्वीच्या कित्येक कंपन्या बुडाल्या आणि ही तरली, याचे कारण तिच्या भागीदारांनी वर्षानुवर्षे सोसलेला तोटा. पुढे साराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८-२९ च्या सुमारास मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयके आणली. किनाऱ्याची वाहतूक स्वदेशी जहाजांसाठी राखावी, आणि ती राखून ठेवलेली सूट कायद्याने बंद करावी, अशी त्यांची मागणी होती. पन्नास वर्षांपूर्वीची युक्ती तोवर राष्ट्राच्या तक्रारीचा विषय झाली होती.

येथे बिलोलीचा संबंध येतो. निजामाच्या राज्यातील, आणि म्हणून मराठवाड्यातील, हजला जाणारा भाविक मुंबईच्याच धक्क्यावरून आगबोटीत चढे. बहुधा आयुष्यात एकदाच. ही वाहतूक मुख्यतः ब्रिटिश व्यवस्थेखालील मोगल लाइनच्या हाती होती. १९३७ साली सिंधियाने 'अल मदिना' हे जहाज या मार्गावर आणले, तेव्हा चढाओढ सुरू होऊन भाडी झपाट्याने उतरली. ज्याला जन्मात एकदाच समुद्र ओलांडावयाचा आहे, त्याला जुन्या गिऱ्हाइकाची सूट काय कामाची? त्याचे कल्याण एवढ्यातच, की धक्क्यावर दोन जहाजे उभी असावीत. आणि दुसरे जहाज उभे राहते ते कोणीतरी, कोठेतरी, पदरास खार लावून त्याला धरून राहिलेले असते म्हणून. बिलोलीच्या यात्रेकरूला मिळालेल्या सवलतीची किंमत सिंधियाच्या तोटा सोसणाऱ्या भागीदारांनी आधीच भरली होती.

म्हणून निष्ठा आणि विविधता या एकमेकींच्या वैरिणी नव्हेत, असे या इतिहासावरून दिसते. एकीवाचून दुसरी टिकत नाही. वैर आहे ते आपखुशीची निष्ठा आणि बांधून घेतलेली निष्ठा यांच्यात.

आजच्या पर्यटन-जहाजांच्या कंपन्या 'लॉयल्टी' याच नावाने सभासद नोंदवितात. जितक्या रात्री जहाजावर काढाव्या तितके गुण, आणि गुणांप्रमाणे मानपान. हे गुण दुसऱ्या कंपनीच्या जहाजात पाऊल टाकल्याने बुडत नाहीत, एवढा फरक मान्य केला पाहिजे. तथापि गुण साचविण्यासाठी नको असलेली सफर करणे, ही त्या जुन्या दोरीचीच बारीक सुतळी होय. उलट, दरवेळी कंपनी बदलल्याने आपण विविधता अनुभवली असे समजणाऱ्यानेही जरा नीट पाहावे. १९१४ साली पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या दोन कंपन्या एकत्र झाल्या, तरी दोघींची जहाजे आपापल्या निशाणाखाली फिरत राहिली आणि उतारूला वाटे, आपण निवड केली. आजही क्युनार्ड, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि खुद्द पी. अँड ओ. ही चार नावे कार्निव्हल या एकाच मालकाच्या घरातली आहेत. ताटे चार असली, तरी चूल एकच.

तेव्हा बिलोलीच्या किंवा नांदेडच्या कुटुंबाने पर्यटनाचा बेत करताना आपली सवय कोठून आली, हे एकदा स्वतःस विचारावे. जेवण, स्वच्छता, सुरक्षितता आणि सौजन्य यांचा अनुभव घेऊन एखाद्या कंपनीस 'माझी' म्हणावेसे वाटले, तर खुशाल म्हणावे. तो मान तिने कमावला आहे. मात्र केवळ साचलेल्या सवलतीमुळे पाय निघत नसेल, तर तो पाय बांधला गेला आहे असे समजावे. आणि धक्क्यावर एखादे नवे, लहान जहाज उभे असेल, तर त्याची यंत्रे व नौका नीट आहेत याची खात्री करून घेऊन, एखादी खेप त्यालाही द्यावी. पुढच्या वर्षी निवड करावयास दुसरे जहाज शिल्लक राहावे, अशी इच्छा असेल तर ते आजच्या उतारूच्या हातात आहे.