इथेनॉल

इथेनॉल (इथिल अल्कोहोल किंवा मद्यार्क) हे रंगहीन, बाष्पनशील व ज्वलनशील द्रव संयुग असून त्याचे रासायनिक सूत्र सी२एच५ओएच असे आहे. औषधे, अत्तरे, शाई व व्हार्निश यांच्या उद्योगांत विद्रावक म्हणून त्याचा मोठा वापर होतो. महाराष्ट्रात ते मुख्यत्वे उसाच्या मळीपासून तयार करतात. पूर्व विदर्भात मोहफूल हा त्याचा जुना स्रोत आहे.

गुणधर्म

इथेनॉलचा उत्कलनबिंदू ७८.४° से., गोठणबिंदू −११४° से. आणि २०° से. तापमानास घनता ०.७८९ ग्रॅम प्रति घन सेंमी. आहे. त्याच्या रेणूतील हायड्रॉक्सिल गट पाण्याशी हायड्रोजन बंध निर्माण करतो, तर इथिल गट तेलकट पदार्थांशी जुळतो. त्यामुळे ते पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते, तसेच राळ व सुगंधी तेलेही विरघळवते. ५० मिली. इथेनॉल व ५० मिली. पाणी एकत्र केल्यास १०० मिली.ऐवजी सुमारे ९६ मिली. मिश्रण मिळते.

उत्पादन

किण्वन प्रक्रियेत यीस्ट साखरेचे रूपांतर इथेनॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत करते. १०० ग्रॅम ग्लुकोजपासून सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ५१ ग्रॅम इथेनॉल मिळते. आंबवलेल्या द्रवाचे ऊर्ध्वपातन करून इथेनॉल वेगळे करतात. मात्र वजनी ९५.६ टक्क्यांच्या पुढे पाणी व इथेनॉल एकाच तापमानास एकत्र उकळतात (स्थिरक्वाथी मिश्रण). उरलेले पाणी शोषण्यासाठी सूक्ष्म छिद्रांची रेण्वीय चाळणी वापरतात. खनिज तेलापासून मिळणाऱ्या इथिलीनवर फॉस्फोरिक अम्लाच्या सान्निध्यात वाफेची विक्रिया करूनही इथेनॉल बनवता येते.

मोहफुलांपासून इथेनॉल

गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी परिसराच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी मोहफुले वेचून उन्हात वाळवतात. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. एक टन फुलांपासून सुमारे ३४० लिटर मद्यार्क मिळू शकतो. दारूबंदी कायद्यामुळे मोहफुलांच्या साठवणुकीवर व वाहतुकीवर दीर्घकाळ निर्बंध होते. २०२१ मध्ये राज्य शासनाने ते शिथिल केले. वेचणाऱ्या आदिवासी कुटुंबांसाठी हे फूल अन्न आणि रोख उत्पन्न या दोन्हींचे साधन आहे.

धोके

इथेनॉलची वाफ हवेत ३.३ ते १९ टक्के असल्यास ठिणगीने पेट घेते. औद्योगिक इथेनॉल पिण्यास अयोग्य व्हावे म्हणून त्यात मिथेनॉलसारखे विषारी पदार्थ मिसळतात. मिथेनॉल हे वास व रंग यांवरून इथेनॉलहून वेगळे ओळखणे कठीण असते. शरीरात त्याचे फॉर्मिक अम्ल बनून दृष्टिचेतेस इजा होते व मृत्यूही ओढवतो. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक जणांचा बळी घेतला. अशा विषबाधेत रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते.