'हब' विमानतळ म्हणजे काय? विमान कंपनी तो कसा निवडते आणि निघून गेली तर काय होतं?

गावातून पुण्याला थेट एसटी नसली की आपण तालुक्याच्या स्टँडवर उतरून दुसरी गाडी धरतो. विमान कंपन्यांचंही तसंच आहे. त्यांच्या अशा मोठ्या स्टँडला 'हब' म्हणतात.

हिशोब सोपा आहे. दहा शहरं एकमेकांना थेट जोडायची तर ४५ मार्ग लागतात. त्यातलं एक शहर हब केलं तर ९ मार्गांत भागतं. ठिकठिकाणचे थोडे थोडे प्रवासी एका जागी गोळा होतात आणि पुढचं विमान भरतं.

*हब कसा निवडतात?*
जागा मार्गाच्या मधोमध हवी. धावपट्ट्या पुरेशा हव्यात. त्या शहराचे स्वतःचे प्रवासीही भरपूर हवेत. १९८५ साली सुरू झालेल्या एमिरेट्सचं हब दुबई आहे. भारतातून युरोप-अमेरिकेला जाणारे कित्येक जण तिथंच विमान बदलतात.

*चालतो कसा?*
बऱ्याच हबवर विमानं लाटेसारखी येतात. एकाच सुमारास बरीच उतरतात, माणसं आणि बॅगा बदलतात आणि थोड्या वेळानं एकापाठोपाठ एक उडतात. म्हणूनच हबवर धुकं पडलं की दूरदूरची विमानं लेट होतात.

*कंपनी गेली तर?*
अमेरिकेतलं सेंट लुईस हे टीडब्ल्यूए कंपनीचं हब होतं. गर्दी वाढणार म्हणून तिथं नव्या धावपट्टीचं काम हाती घेतलं. त्यासाठी शेजारच्या ब्रिजटन गावातली सुमारे २,००० घरं गेली. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं टीडब्ल्यूए विकत घेतली. त्या कंपनीची शिकागो आणि डॅलस ही हब आधीच होती. त्यात २००१ च्या हल्ल्यानंतर प्रवासी घटले. २००३ मध्ये कंपनीनं सेंट लुईसची उड्डाणं निम्म्याच्या आसपास आणली. एक अब्ज डॉलरहून जास्त खर्चाची धावपट्टी २००६ मध्ये सुरू झाली, पण तोवर गर्दीच उरली नव्हती.

विमान कंपनी आपली विमानं दुसरीकडं नेऊ शकते. गेलेलं घर आणि जमीन परत येत नाही. त्यामुळं आपल्या भागात विमानतळाची घोषणा झाली, तर मोबदल्याच्या दराबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: इथून विमानं कोण चालवणार, आणि किती वर्षांच्या बोलीवर?