चालीचा धनी

कर्जतजवळ उल्हास नदीच्या खोऱ्यात, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी असलेली कोंडाणे येथील बौद्ध लेणी इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपास खोदली गेली, असे सामान्यतः मानले जाते. तेथील चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भागावर नाचणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या शिल्पपट्टिका आहेत. त्याच दर्शनी भागाच्या डाव्या बाजूस, एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ, ब्राह्मी लिपीतील एक छोटा प्राकृत लेख असून, कण्ह याचा अंतेवासी, म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा शिष्य, बलक याने हे काम केले, एवढीच नोंद त्यात आहे. सह्याद्रीतील लेण्यांमधले बहुसंख्य लेख दान देणाऱ्यांची नावे सांगतात. ज्याच्या हातून दगड घडला त्याचे नाव सांगणारे लेख थोडेच, आणि त्यातही स्वतःच्या नावाआधी गुरूचे नाव घालणारा बलकासारखा कारागीर विरळाच.

दगडावर नाव कोरता येते, पण एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाणाऱ्या चालीवर ते टिकत नाही. अभंगाच्या शेवटी संतकवीची नाममुद्रा असते. त्या अभंगाला ज्या कीर्तनकाराने चाल दिली, त्याची नसते. त्यामुळे महाराष्ट्रातील संगीतरचनाकाराच्या व्यवसायाचा इतिहास शोधू जाता आधी आश्रयदाता दिसतो, मग गायक दिसतो, आणि चाल बांधणारा सर्वांत शेवटी पुढे येतो.

1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हा नाटककार आणि संगीतकार अशी कामाची विभागणीच नव्हती. साकी, दिंडी, लावणी आणि कर्नाटकी वळणाच्या रूढ चालींवर किर्लोस्करांनीच पदे रचली. स्वतंत्र रचनाकाराला नाटक मंडळीत मानाचे स्थान मिळाले ते 1911 च्या ‘मानापमान’मध्ये, असे बहुतेक अभ्यासक मानतात. गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या, म्हणजे बनारस-लखनौकडील, ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली पुढे ठेवल्या आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी त्यांत शब्द बसवले. येथे चाल आधी आणि पद नंतर असा क्रम होता, आणि पदांतील काही शब्दयोजना ओढूनताणून आल्यासारखी वाटते त्याचे कारणही बहुधा तेच असावे. 1916 च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखले यांनी रागदारी बंदिशींचा आधार घेतला. तरीही प्रेक्षकांच्या लेखी ती पदे बालगंधर्वांचीच राहिली.

बोलपटाने रचनाकाराला मासिक पगार दिला. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ला टेंबे यांचे संगीत होते, पुढे प्रभात कंपनीत केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव यांनी काम केले, तर वसंत देसाई तेथेच पडेल ते काम करीत शिकले आणि नंतर व्ही. शांताराम यांच्या राजकमलमध्ये नावारूपाला आले. त्या काळातील रचनाकाराच्या विचारशक्तीचा खरा पुरावा 1937 च्या ‘कुंकू’त सापडतो, कारण त्या चित्रपटात पार्श्वसंगीत, म्हणजे प्रसंगामागे वाजणारे वाद्यसंगीत, जवळजवळ वगळून रोजच्या व्यवहारातील नैसर्गिक आवाजांवर भिस्त ठेवण्यात आली. संगीतासाठी नेमलेल्या माणसाने संगीत कोठे नको हे ठरवणे ही सर्जनशीलतेची दुर्मीळ जात होय. टेंबे आणि भोळे या दोघांनीही आपल्या कामाविषयी ग्रंथ लिहून ठेवले, म्हणूनच या पिढीबद्दल आज एवढे सांगता येते.

नभोवाणीने कामाची गती बदलली. पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 रोजी ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि सुमारे वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे ग. दि. माडगूळकरांची 56 गीते सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केली. गीत हाती आल्यावर राग, ठेका आणि गायक ठरवून ध्वनिमुद्रण पुरे करायचे, तोच पुढचा आठवडा उभा. प्रतिभेची वाट पाहत बसणारा रचनाकार या कामी टिकला नसता. रायगड जिल्ह्यातल्या पेण येथे 1926 साली जन्मलेले यशवंत देव हेही आकाशवाणीच्याच नोकरीत वाढलेले रचनाकार. त्यांनी टेंबे-खाडिलकरांचा क्रम उलटवून कवितेचा अर्थ, तिच्यातील विराम आणि शब्दांचे वजन यांतून चाल काढण्याचा आग्रह धरला आणि ‘शब्दप्रधान गायकी’ या पुस्तकात तो सविस्तर मांडला. मंगेश पाडगांवकरांच्या कविता अरुण दाते यांच्या आवाजात पोहोचल्या, त्यामागे हीच कार्यपद्धती होती.

तरीही चाल म्हणजे तयार गाणे नव्हे. रचनाकार पेटीवर मुखडा, म्हणजे गाण्याची पहिली, पुन्हापुन्हा येणारी ओळ, आणि अंतरे बांधतो. कडव्यांमधले वाद्यवृंदाचे तुकडे, कोणत्या वाद्याने कोठे उठायचे आणि कोठे थांबायचे, हे संगीत संयोजक लिहून काढतो. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हे काम सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांनी केले, कारण चर्चच्या शाळांत पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी शिकल्याने पन्नास वादकांना एकाच वेळी वाचता येईल असा कागद तेच तयार करू शकत होते. श्रेयनामावलीत यांची नावे क्वचित येत. मोबदला बहुधा दिवसाच्या हिशेबाने मिळे, आणि ध्वनिमुद्रिकेवर संगीतकाराचेच नाव असे.

कायद्याने ही उतरंड फारशी हलवली नाही. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्याने संगीतरचनेचा कर्ता म्हणून रचनाकाराला मान्यता दिली खरी, पण 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या संगीताचा मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माता ठरतो असा निर्णय दिला. 2012 च्या दुरुस्तीने स्वामित्वधनातील आपला वाटा दुसऱ्याच्या नावे करून देण्यास गीतकार व संगीतकारांना मज्जाव करून तो वाटा सुरक्षित केला. संयोजन मात्र कायद्याच्या भाषेत मूळ रचनेचे रूपांतर असून त्याला परवानगी देण्याचा हक्क रचनेच्या हक्कधारकाकडे असतो. संयोजकाचे नाव छापायचे की नाही, हा प्रश्न आजही बहुतांशी कराराचा आणि सौजन्याचा आहे.