आईच्या नावातली दोन अक्षरे

यंदा चैत्रात भाच्याच्या मुलीचे बारसे झाले. आत्याने कानात कुर्र केले, नाव सांगितले आणि मंडळी एकमेकांकडे बघू लागली. पहिले अक्षर बापाच्या नावातले, पुढची दोन आईच्या नावातली! ‘‘अरे, पण ह्याचा अर्थ काय?’’ माझ्या आईने, म्हणजे बाळाच्या पणजीने, विचारले.

जोडनावे आपल्याला नवी नाहीत. सीताराम, राधाकृष्ण, हरिहर ही जोडूनच झाली. पण त्यांत दोन्ही नावे अखंड राहिली. नावे तोडून सांधण्याचे जुने उदाहरण ‘गलिव्हर’कार जोनाथन स्विफ्टचे. एस्थर व्हॅनहोम्री या मैत्रिणीच्या आडनावातले ‘व्हॅन’ आणि एस्थरचे ‘एसा’ जोडून त्याने ‘व्हॅनेसा’ केले. ती कविता १७२६ साली छापली गेली आणि नाव रूढ झाले. रशियात क्रांतीनंतर व्लादिमिर लेनिनवरून ‘व्लादलेन’ आले. आपल्याकडे आदित्य चोप्रा व राणी मुखर्जी यांची ‘आदिरा’ २०१५ ची. काही जोडनावे औषधाच्या गोळीसारखी वाटतात, हे मात्र कबूल केले पाहिजे.

तरीही तरुण आईबापांना त्यांची ओढ का, हे मला आपल्याच रीतीत दिसते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहायचे की माहेरचे संपले. आपल्या बडोद्यात रावपुऱ्याचा टॉवर ज्यांच्या नावाचा, त्या चिमणाबाई महाराणी मूळच्या तंजावरच्या लक्ष्मीबाई. सयाजीराव महाराजांच्या दुसऱ्या राणीसाहेब गजराबाई, त्याही इथे येऊन चिमणाबाईच झाल्या! मुलाच्या नावापुढे बापाचे नाव, मग आडनाव. माझ्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरही तसेच आहे. आई कुठेच नाही.

पूर्वी असे नव्हते. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणून येतात, आईकडून ओळखले जातात. आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे, असा क्रम झाला. जोडनाव तेच काम घरातल्या घरात करते. अर्थ शब्दकोशात सापडला नाही तरी मूल कोणाचे, हे त्यात दोन्ही बाजूंनी येते.

हे मी आईला समजावले. पेढा हातात तसाच ठेवून ती म्हणाली, ‘‘माझं माहेरचं नाव काय होतं, ठाऊक आहे का रे कुणाला?’’

मला धरून कोणालाच सांगता आले नाही.