मॉडेल रेल्वेतील ऋतुदृश्ये

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर जमीन, झाडे, पाणी आणि प्रकाश यांच्या साहाय्याने उभा केलेला विशिष्ट ऋतूचा देखावा म्हणजे ऋतुदृश्य. रूळ आणि सांधे यांच्यावर गाडी चालते; ती कोणत्या महिन्यात चालली आहे, हे ऋतुदृश्यावरून कळते.

जर्मनीतील मेर्क्लिन कंपनीने 1891 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक गेजचे रूळ मांडले, तेव्हा सारे लक्ष गाडीवर होते. पुढे गाड्या लहान झाल्या. 1:87 मापाचे एचओ स्केल (रूळांतील अंतर 16.5 मिमी) दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र रूढ झाले आणि टेबलावर अख्खा गाव मावू लागला. ब्लॅक फॉरेस्टमध्ये 1946 साली सुरू झालेल्या फालरसारख्या कंपन्यांनी घरे, झाडे, गवत तयार स्वरूपात बाजारात आणले. हे साहित्य मुख्यतः युरोपीय उन्हाळ्याच्या रंगाचे असते. त्यामुळे ऋतूचा विचार न करता केलेला लेआउट आपोआप जून-जुलैमधल्या जर्मनीत जाऊन बसतो.

ऋतूची पहिली खूण जमिनीवर उमटते. गवतासाठी नायलॉनचे तंतू वापरतात. उच्च विद्युतदाब देणाऱ्या चाळणीतून ते ओल्या गोंदावर सोडले, की स्थिर विद्युतभारामुळे उभे राहून चिकटतात. एचओमध्ये 2 मिमीचा तंतू म्हणजे साधारण 17 सेंमी गवत, तर 6 मिमीचा म्हणजे गुडघाभर. वसंतासाठी आखूड, पोपटी तंतू, तर उन्हाळ्याअखेरीस लांब आणि गवती पिवळे तंतू मिसळतात. शेत उभे आहे, कापलेले आहे की नांगरलेले, हेही त्याच महिन्याशी जुळावे लागते. शरद ऋतूत बर्च पिवळा, मेपल लाल आणि ओक तपकिरी होतो. सगळी झाडे एकाच केशरी रंगात रंगवली तर रान पेटल्यासारखे दिसते. निम्मी पाने झाडाखाली पडलेली असली, तरच शरद खरा वाटतो.

हिवाळा करायला सर्वांत सोपा आणि पटवायला सर्वांत अवघड. 30 सेंमी बर्फ म्हणजे एचओमध्ये जेमतेम साडेतीन मिमी. हौशी कारागिराचा हात मात्र सढळ सुटतो आणि स्टेशन मैद्यात बुडते. खाण्याचा सोडा स्वस्त असला तरी गोंदाच्या सान्निध्यात काही काळाने पिवळसर होतो, म्हणून संगमरवराची पूड, प्लास्टर किंवा तयार हिमचूर्ण वापरतात. सावलीच्या बाजूला किंचित निळी छटा देतात. फलाटावरचा बर्फ तुडवलेला आणि मळका असतो, तर रूळांचा माथा उघडाच राहतो. ही केवळ वास्तवाची निष्ठा नव्हे: बहुतेक लेआउटवर वीज रूळांतूनच इंजिनाला मिळते. मोकळी पूड रूळांवर आली की गाडी अडखळते आणि सांध्यांच्या जिभांत शिरली की सांधा अडकतो.

उरलेले काम प्रकाशाचे. हिवाळ्यातला सूर्य खाली असतो, सावल्या लांब पडतात. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली तोच बर्फ निर्जीव दिसतो. हॅम्बुर्गच्या मिनियाटुर वुंडरलँड या मॉडेल रेल्वे प्रदर्शनात (2001) दर पंधरा मिनिटांनी कृत्रिम रात्र होते आणि स्कँडिनेव्हिया विभागातल्या बर्फात खिडक्या उजळतात.

एकाच लेआउटवर दोन ऋतू दाखवायचे, तर त्यांच्यामध्ये बोगदा किंवा डोंगर घालतात. याला वास्तवाचा आधार आहे: 1882 मध्ये सुरू झालेल्या सुमारे 15 किमी लांबीच्या गोटहार्ड बोगद्यात गाडी एका बाजूने पावसात शिरते आणि दुसऱ्या बाजूने उन्हात बाहेर पडते, असे घडू शकते. बोगद्याशिवाय चैत्र आणि पौष शेजारी मांडणे हे कौशल्याचे प्रदर्शन ठरते, भूप्रदेशाचे चित्र नव्हे.

महाराष्ट्रात या छंदाचे ठळक सार्वजनिक रूप म्हणजे पुण्यातील कोथरूडचे जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय (1998). भारतीय ऋतू मांडताना मात्र विकतचे साहित्य अपुरे पडते. इथे पानगळीचा काळ वेगळा: साग उन्हाळ्यात उघडा पडतो आणि पळस निष्पर्ण असतानाच फुलतो. घाटातला पावसाळा करायचा, तर काळ्या कातळावर चकचकीत वॉर्निश, जांभ्यावर शेवाळाचे ठिपके आणि धबधब्यासाठी पारदर्शक सिलिकॉनचे पांढरे केलेले धागे लागतात. दूधसागरासमोरून जाणारा लोहमार्ग हा त्याचा आदर्श नमुना. नेरळ–माथेरानच्या 610 मिमी गेजच्या मार्गावर मात्र फसगत होते: हिरव्यागार डोंगरातून नेरळची गाडी वर चढताना दाखवणे चूक, कारण भर पावसाळ्यात ती सेवा बंद असते आणि गाडी अमन लॉज ते माथेरान एवढीच धावते. भारतीय ब्रॉडगेजच्या 1,676 मिमीला 1:87 मध्ये 19 मिमीहून अधिक अंतर लागते, 16.5 मिमीच्या तयार रूळांवर ती अरुंदच दिसते, ऋतू कोणताही असो.