रान, मोगलाई आणि पीजे

सोयगाव तालुक्यात एखाद्याच्या दारात जाऊन चौकशी केली आणि 'रानात गेलेत' असं उत्तर आलं, तर जंगलाची वाट धरू नये. गृहस्थ कपाशीत कोळप्यामागे असतील किंवा निंदणीच्या बायांना पाणी पोचवत असतील. इकडे रान म्हणजे शेत. काळं रान, पडीक रान, कोरडवाहू रान, मुरमाड रान, सगळी शेतंच.

शब्दाचं मूळ मात्र अरण्यात आहे. संस्कृत 'अरण्य', प्राकृत 'रण्ण', मराठी 'रान'. माझी समजूत अशी की झाडं तोडून, दगड वेचून, कुळव फिरवून माणसांनी अरण्याचं शेत केलं, पण जमिनीला हाक मारायची सवय मोडली नाही. जुना अर्थही मेलेला नाही. रानडुक्कर, रानमांजर, रानभाजी यांत तो जिवंत आहे. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याला 'रानडुकरं रानात शिरली' ही तक्रार रोजची. या तीन शब्दांच्या वाक्यात पहिलं रान जंगल आहे आणि दुसरं रान शेत. बोलणाऱ्याचा गोंधळ होत नाही, ऐकणाऱ्याचाही नाही.

ना. धों. महानोर याच तालुक्यातल्या पळसखेड्याचे. १९६७ साली त्यांचा 'रानातल्या कविता' हा संग्रह आला. शहरातल्या वाचकाला त्या नावातून झाडी आणि एकांत दिसत असेल. सोयगावच्या माणसाला त्यात बांध, मोट आणि पिकाचा हंगाम दिसतो. नावातलं रान पळसखेड्याच्या बोलीतलं आहे, हे एकदा लक्षात घेतलं की तो संग्रह वेगळा वाचला जातो. मराठी कवितेत हा अर्थ इतक्या ठामपणे उभा करणारा दुसरा कवी मला माहीत नाही.

रानासारखाच ऐकू येणारा गुजरातीतला शब्द 'रण'. कच्छचं रण आपल्या ओळखीचं आहे. दोन्ही शब्द सख्खे वाटतात, पण 'रण' निघालं ते संस्कृत 'इरिण' या शब्दातून, म्हणजे खारी, नापीक जमीन. एक अरण्याचं पोर, दुसरं ओसाडीचं. मराठीला वाळूच्या मुलखासाठी आपला शब्द लागला तेव्हा 'वाळवंट' पुढे आला. आणि तोही मुळात नदीचा. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी नाचतात ते पाण्याच्या कडेच्या वाळूत. थर आणि सहारा त्या शब्दात नंतर येऊन राहिले. सोयगावकडे खरं वाळवंट नाही. पण एप्रिल-मे महिन्यांत इथल्या नद्या आटतात, डोंगर उघडे पडतात, सागाची पानं झडून जातात, तेव्हा नदीच्या पात्राला वाळवंट म्हणणं किती नेमकं आहे ते डोळ्यांना पटतं. म्हणून पाहुण्याने जुलैनंतर यावं. हळद्याच्या घाटात, वेताळवाडीच्या किल्ल्यावर आणि रुद्रेश्वरच्या धबधब्याशी तेव्हा जे हिरवं असतं, त्यावरून उन्हाळ्याची कल्पनाही येत नाही.

'घाट' या शब्दालाही इथे अंगभर अर्थ आहे. सोयगाव घाटाखाली, सिल्लोड घाटावर. नदीच्या पायऱ्या आणि डोंगरातली वाट, दोन्हींना आपण घाट म्हणतो, कारण दोन्हीकडे चढउतार. इंग्रजांनी ती वाट सोडून सगळ्या डोंगररांगेलाच घाट म्हटलं आणि पाठ्यपुस्तकांतून 'पश्चिम घाट' आपल्याकडे परत आले. वेताळवाडीचा किल्ला ज्या वाटेवर पहारा देत उभा आहे ती हळद्याची वाट मात्र जुन्या, नेमक्या अर्थाने घाट आहे.

जगाला हा मुलूख ठाऊक आहे तो अजिंठ्यामुळे, आणि ते नाव शेजारच्या तालुक्याचं आहे. अजिंठा हे गाव घाटावर, सिल्लोड तालुक्यात; लेणी घाटाखाली, सोयगाव तालुक्यात, वाघूर नदीच्या वळणावर. लेण्यांजवळचं गाव लेणापूर. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला आला आणि त्याला लेणी 'सापडली' असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. ज्या गावाच्या नावातच लेणं आहे, त्या गावाला ती कधी हरवली होती? हा पुरावा ताम्रपटाइतका भक्कम आहे असं मी मानतो, आणि शोधाची गोष्ट सांगताना लेणापूरचं नाव आधी यायला हवं.

'लेणं' हा शब्द फार जुना. संस्कृत 'लयन' म्हणजे विसाव्याची, आत शिरून राहण्याची जागा. आलय, निलय, लीन हे सगळे एकाच कुळातले. पाली-प्राकृतात त्याचं 'लेण' झालं, आणि नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत तो शब्द 'लेण' असाच कोरलेला आहे. दोन हजार वर्षांत शब्दाला एक अनुस्वार लागला, बाकी काही नाही. अंगावर ल्यायचं लेणं वेगळ्या वाटेने आलेलं; पण मराठीत दोघांचं रूप एक झालं आणि डोंगराचं लेणं म्हणताना दागिन्याची आठवण कानात राहतेच. जंजाळ्याजवळची घटोत्कच लेणीही याच डोंगरात आहेत. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं, तसंच घटोत्कचचंही. अजिंठ्याला जाणारे इथे क्वचित वळतात. त्यांनी वळावं.

आता मोगलाई. सोयगाव १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि शेजारची शेंदुर्णी इंग्रजी खानदेशात. खानदेशातली माणसं सोयगावकडच्या मुलखाला मोगलाई म्हणत. निजाम काही मोगल बादशहा नव्हता, तरी शब्द चुकीचा नाही. पहिला निजाम-उल्-मुल्क हा मोगलांचाच सुभेदार. १७२४ नंतर तो स्वतंत्रपणे वागू लागला, पण १८५७ पर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर दिल्लीच्या बादशहाचंच नाव होतं. मराठ्यांनी ज्याच्याकडून चौथाई घेतली त्याला ते मोगल म्हणत राहिले. पुढे 'काय मोगलाई लागून गेली काय?' या वाक्यात शब्दाला अंदाधुंदीचा रंग चढला. एका मुलखाचं नाव शिवीसारखं वापरलं जाऊ लागलं याचं मला वाईट वाटतं, कारण त्या मोगलाईत माझ्यासारख्याच मराठी बोलणाऱ्या लोकांची रानं होती.

ही हद्द खिशातही जाणवत असे. निजामाचा रुपया 'हाली', म्हणजे चालू. इंग्रजांचा 'कलदार', म्हणजे यंत्रावर पाडलेला, कारण कल म्हणजे यंत्र. शंभर कलदारांना हाली रुपये शंभराहून जास्त मोजावे लागत. हद्दीवरून माल न्यायचा तर 'करोडगिरी' भरायची, म्हणजे जकात. हा शब्द अकबराच्या काळातला. एक कोटी दाम वसुलीच्या परगण्यावर नेमलेला अधिकारी तो करोडी. अकबराच्या दरबारातून निघालेला शब्द निजामाच्या जकात नाक्यावर येऊन थांबला आणि संस्थानाबरोबर संपला. आज तो कुणा म्हाताऱ्याच्या बोलण्यात आला तर येतो.

रेल्वे याच हद्दीच्या पलीकडून गेली. पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला जाणारी अडीच फुटी गेजची छोटी गाडी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाली. लांबी ५६ किलोमीटर. पाचोऱ्याला मुंबई-भुसावळची रुंद लाइन, औरंगाबादला निजामाची मीटर गेज, आणि मध्ये ही सगळ्यांत अरुंद. सोयगावला स्वतःची लाइन कधीच नव्हती. सोयगावकरांचं जवळचं स्टेशन शेंदुर्णी.

लोकांनी गाडीला नाव दिलं 'पीजे'. पाचोरा-जामनेरची इंग्रजी आद्याक्षरं. पण बोलताना ते मराठी नाम झालं, आणि गाडीमुळे स्त्रीलिंगी झालं. 'पीजे आली का?', 'पीजे चुकली.' एसटीचंही असंच झालं. प्लॅटफॉर्मचा फलाट झाला, सिग्नलचं शिंगल, स्टेशनचं टेसन. मराठीने हे शब्द उधार घेतले नाहीत, घरातच घेतले. त्यांना लिंग दिलं, विभक्ती दिली, 'फलाटावर' म्हणताना कुणाला इंग्रजी आठवत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत पीजे थांबली, ती पुन्हा धावली नाही. आता त्या मार्गाच्या रुंदीकरणाला मंजुरी मिळाली आहे. रुंद गाडी यायलाच हवी, कापूस आणि केळी पिकवणाऱ्या या पट्ट्याला तिची गरज आहे. पण अरुंद गाडीबरोबर तिची बोलीही जाईल. फाटकवाल्याचे, गँगमनचे, डब्यात भाजी चढवणाऱ्या बायांचे, टेसनावरच्या चहावाल्याचे शब्द कुठल्याही कोशात नाहीत. पाचोरा, शेंदुर्णी, पहूर आणि जामनेरच्या शाळा-महाविद्यालयांतल्या मराठीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: येत्या सुट्टीत मुलांना वही घेऊन निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांकडे पाठवा. सोयगावच्या शिक्षकांनी हाली, कलदार आणि करोडगिरी ऐकलेल्या घरांत जावं. ती माणसं आता थोडी उरली आहेत.